कृमींचे अपकर्षण : हात कोणाचा, कर्तव्य कोणाचे?



कृमिरोग हा आपल्यापैकी कोणालाही नवा नाही. ग्रामीण भागात चिकित्सालय चालविणाऱ्या वैद्याच्या दिवसाचा प्रारंभ पुष्कळदा ‘पोरगं रात्री दात खातं’ या तक्रारीनेच होतो. विडंग, पलाशबीज, कंपिल्लक, कृमिकुठार यांवाचून आपले औषधांचे कपाट पूर्ण होत नाही. इतक्या परिचयाच्या व्याधीविषयी या अंकाची पाने अडविण्याचे कारण असे, की याच व्याधीत माझ्या हातून एक चूक घडली. ती चूक निदानाची नव्हती. निदान बरोबर असतानाही घडलेली ती चूक होती, आणि म्हणूनच ती आपणांसमोर मांडावीशी वाटते.

रुग्णा वय ३६, वीटभट्टीवर काम करणारी. दोन वर्षांपूर्वी खड्यांमुळे तिचे पित्ताशय शस्त्रक्रियेने काढलेले होते. तक्रार अशी, की उजव्या कुशीत व आमाशयप्रदेशी थांबून थांबून येणारा तीव्र शूल, तो पाठीत जाणारा, सोबत हृल्लास आणि छर्दी. दोन दिवसांपूर्वी उलटीतून वीतभर लांबीचा एक जंत पडल्याचे तिने स्वतःच सांगितले. ज्वर नव्हता, नेत्र स्वच्छ होते. पित्ताशयच नाही म्हणजे खड्यांचा प्रश्न उरला नाही, असा विचार करून मी ‘कृमिजन्य शूल’ असे निदान केले. कृमिकुठार रस, विडंगचूर्ण आणि हलका आहार अशी योजना केली. शूल शमल्यावर विरेचन द्यावयाचे ठरविले.

पहिल्या दोन दिवसांत वेग किंचित कमी झाले, म्हणून मीही निश्चिंत होतो. चौथ्या दिवशी सायंकाळी तिला थंडी वाजून ज्वर आला आणि डोळे पिवळे दिसू लागले. तेव्हा मात्र तिला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविले. तेथील सोनोग्राफीत पित्तनलिकेत जंत दिसला. त्याच रात्री दुर्बिणीद्वारे दोन जंत बाहेर काढण्यात आले आणि त्यांच्यामागोमाग पूययुक्त पित्त वाहिले. दुसऱ्या दिवशी तेथील तज्ज्ञांचा मला दूरध्वनी आला. रुग्णेची प्रकृती सांगून झाल्यावर ते म्हणाले, “वैद्यराज, निदान तर तुम्ही बरोबर केलं होतं. मग चार दिवस वाट कशाची पाहिलीत?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. रुग्णा वाचली हे तिचे सुदैव. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

मार्ग सोडून गेलेला कृमी

प्रथम या कृमीचा स्वभाव लक्षात घेऊ. ॲस्कॅरिस हा मोठा गोल जंत साधारणतः १५ ते ३५ सेंटिमीटर लांबीचा असतो. लघ्वंत्र हे त्याचे घर. मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ही अंडी मलावाटे मातीत जातात, तेथे काही आठवड्यांत पक्व होतात आणि न धुतलेल्या हातांवाटे, भाजीवाटे किंवा पाण्यावाटे पुन्हा मुखात येतात. अंड्यातून निघालेली अळी आतड्याची भिंत भेदून यकृतातून फुप्फुसात जाते, श्वासमार्गाने कंठात चढते, गिळली जाते आणि पुन्हा आतड्यात येऊन वाढते.

या जंताला चिकटून राहण्यासाठी आकडे अथवा शोषक अवयव नाहीत. आतड्याच्या प्रवाहाविरुद्ध सतत हालचाल करीतच तो आपली जागा राखतो, आणि वाटेत आलेल्या छिद्रात शिरण्याची त्याला खोड असते. लघ्वंत्राच्या आद्यभागात जेथे पित्तनलिका व स्वादुपिंडाची नलिका उघडतात, ते व्हेटरचे मुख त्याच्या वाटेवरच आहे. त्यातून तो पित्तनलिकेत शिरतो, क्वचित पित्ताशयात वा यकृतातील शाखांत पोहोचतो. स्वादुपिंडाची नलिका अरुंद असल्याने तेथे तो क्वचितच जातो, परंतु तिच्या मुखाशी अडकून राहिला तरी स्वादुपिंडाचा भयंकर शोथ निर्माण होऊ शकतो.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातव्या अध्यायात श्लेष्मज कृमींचे वर्णन आहे. त्यांपैकी काही गांडुळासारख्या आकाराचे, श्वेत व ताम्र आभा असलेले, आमाशय हे स्थान असलेले आणि वाढले की ऊर्ध्व, अधः किंवा दोन्ही दिशांना सरकणारे सांगितले आहेत. ज्याने वांतीतून पडलेला जंत पाहिला आहे, त्याला या वर्णनाची सत्यता पटविण्याची आवश्यकता नाही. मात्र ‘पित्तनलिकेतील कृमी संहितेत आहेच’ असे म्हणण्याचा मोह येथे आवरावा. संहितेत कृमीचे सरकणे आहे, नलिका नाही. जे आहे तेवढेच पुरेसे मौल्यवान आहे. जे नाही ते त्यात घालून आपण ग्रंथाचा गौरव करीत नसतो.

काश्मीरने शिकविलेले

पित्तनलिकेतील कृमींविषयी आज जे निश्चितपणे ज्ञात आहे, त्यातील मोठा भाग आपल्याच देशातील काश्मीर खोऱ्यातून आला आहे. श्रीनगरजवळच्या सौरा येथील शेर-इ-काश्मीर वैद्यकीय विज्ञान संस्थेत डॉ. मोहम्मद सुलतान खुरू व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचा पद्धतशीर अभ्यास केला. १९९० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी ५०० रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी २८० रुग्णांत पित्तनलिकाशूल, १२१ रुग्णांत पित्तनलिकेचा तीव्र शोथ, ६४ रुग्णांत पित्ताशयाचा तीव्र शोथ, ३१ रुग्णांत स्वादुपिंडाचा तीव्र शोथ, तर ४ रुग्णांत यकृतविद्रधी होता.

हे आकडे दोनदा वाचावेत. निम्म्याहून अधिक रुग्ण केवळ शूल घेऊन आलेले आहेत. शूल घेऊन येणारा रुग्ण प्रथम कोणाकडे जातो? तो आपल्याकडे येतो, किंवा औषधालयाच्या फळीपाशी उभा राहून ‘पोटदुखीचं काहीतरी द्या’ म्हणतो. आणि या ५०० पैकी २२० रुग्णांत व्याधी शूलापाशी न थांबता शोथ, पूय किंवा विद्रधीपर्यंत गेलेला होता. माझी रुग्णा चार दिवसांत पहिल्या गटातून दुसऱ्या गटात गेली, आणि तो प्रवास माझ्या देखरेखीखाली झाला.

याच अभ्यासांतून आणखी काही गोष्टी स्पष्ट झाल्या. स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो. गर्भिणींत विशेष सावध राहावे लागते. ज्यांचे पित्ताशय पूर्वी काढलेले आहे, किंवा ज्यांच्या पित्तनलिकेचे मुख पूर्वी छेद देऊन रुंद केलेले आहे, त्यांच्यात कृमी नलिकेत शिरण्याची शक्यता वाढते. म्हणजे ज्या इतिवृत्तामुळे मी निर्धास्त झालो, तेच खरे तर धोक्याचे चिन्ह होते.

दुर्बीण काय करते

आपल्यापैकी अनेकांना ई.आर.सी.पी. हा शब्द रुग्णाच्या कागदपत्रांवरूनच माहीत असतो, म्हणून थोडक्यात सांगतो. १९६८ मध्ये अमेरिकेत प्रथम दुर्बिणीद्वारे या नलिकांच्या मुखात बारीक नळी घालून त्यांचे क्षकिरण चित्र घेण्यात आले. १९७४ मध्ये जर्मनी व जपान येथे त्या मुखाला आतूनच छेद देण्याची क्रिया सुरू झाली. त्यापूर्वी नलिकेतील अडथळ्यासाठी उदर उघडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

या कामाची दुर्बीण समोर न पाहता बाजूला पाहणारी असते, कारण नलिकेचे मुख आतड्याच्या बाजूच्या भिंतीत असते. रुग्णाला गुंगीचे औषध देऊन ती मुखावाटे लघ्वंत्राच्या आद्यभागापर्यंत नेतात. पुष्कळदा जंताचा अर्धा भाग नलिकेत आणि उरलेला बाहेर वळवळताना दिसतो. मग दुर्बिणीतून चिमटा घालून त्याला पकडतात आणि दुर्बीण व जंत दोन्ही एकत्रच सावकाश बाहेर काढतात. तारेचा फास टाकला तर जंत मधोमध कापला जाऊन अर्धा आत राहण्याची भीती असते, म्हणून चिमटाच बरा मानतात. जंत पूर्णपणे आत असेल, तर तारेच्या जाळीने अथवा फुग्याने त्याला ओढून घेतात. वाट मोकळी होताच शूल बहुधा तत्काळ थांबतो.

यातील विवेक विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. खडे काढताना नलिकेच्या मुखाला छेद देणे ही नित्याची बाब. परंतु कृमींचा प्रादुर्भाव असलेल्या प्रदेशात तज्ज्ञ तो छेद शक्यतो टाळतात. कारण एकदा दार रुंद झाले, की पुढच्या जंतालाही ते उघडेच. साधन हाती असूनही रुग्णाचा देश व त्याचा पुढील काळ पाहून ते न वापरणे, याला आपल्या भाषेत युक्ती म्हणतात. ती कोणत्याही एका शास्त्राची मिरास नाही.

‘आपोआप परततो’ हा युक्तिवाद

येथे काही वैद्यमित्र आक्षेप घेतील, की नलिकेत शिरलेला जंत बहुतेक वेळा स्वतःच आतड्यात परततो, मग प्रत्येकाला दुर्बिणीकडे पाठविण्याची घाई कशाला? आक्षेप निराधार नाही. केवळ शूल असलेल्या रुग्णांत तज्ज्ञही प्रथम वाटच पाहतात. लंघन, शिरेवाटे द्रव, उद्वेष्टहर औषधे आणि गरजेनुसार प्रतिजैविके एवढ्यावर अनेकांचा जंत काही दिवसांत बाहेर येतो. जंतनाशक औषध ते बहुधा शूल शमल्यानंतर देतात.

परंतु त्यांच्या वाट पाहण्यात आणि माझ्या वाट पाहण्यात जो भेद आहे, तोच या लेखाचा गाभा आहे. ते रुग्णाला शय्येवर ठेवून, पुन्हा पुन्हा सोनोग्राफी करून, नाडी, ताप व रक्त तपासून वाट पाहतात. ज्वर चढला, कावीळ दिसली, स्वादुपिंडाचा शोथ सुरू झाला, तर दुर्बीण त्याच इमारतीत असते. तीन आठवड्यांनंतरही जंत नलिकेत दिसत राहिला, तर तो मृत समजून काढून टाकतात. मी मात्र पुड्या देऊन रुग्णेला वीटभट्टीवर परत पाठविले होते. त्यांच्या वाट पाहण्याला चिकित्सा म्हणता येईल. माझ्या वाट पाहण्याला नाही.

दुसरा मुद्दा आपल्या औषधांचा. कृमिघ्न द्रव्य, मग ते विडंग असो वा अल्बेंडाझोल, आतड्यातील जंताला मारते किंवा निश्चेष्ट करते, आणि मलाचा वेग त्याला बाहेर वाहून नेतो. पित्तनलिकेत असा वाहून नेणारा वेग नाही. तेथे जंत मेला तर तेथेच राहतो, कुजतो, त्याचे तुकडे व अंडी यांभोवती खडे धरतात आणि नलिका शोथाने अरुंद होत जाते. म्हणजे औषध निष्फळ ठरले तर कालहानी आणि सफल ठरले तर नवा अडथळा, अशी ही कोंडी आहे. त्यात कृमिमुद्गरासारखे कुपीलुयुक्त कल्प, छर्दीने क्षीण झालेल्या रुग्णात मात्रा वाढवीत देणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगावयास नको. अशा अवस्थेत विरेचनाचा आग्रहही धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी ते ठरविले होते, देण्याची वेळ आली नाही एवढेच.

क्रम विसरल्याची चूक

त्या तज्ज्ञांच्या प्रश्नानंतर मी विमानस्थानाचा तो अध्याय पुन्हा काढला. कृमिचिकित्सेची तीन अंगे आपणा सर्वांना मुखोद्गत आहेत : अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन. परीक्षेत आपण ती या क्रमाने लिहितो आणि व्यवहारात मधल्या एकावरच थांबतो. कटु, तिक्त, कषाय, उष्ण द्रव्यांनी कृमींना प्रतिकूल स्थिती निर्माण करणे म्हणजे प्रकृतिविघात. आपली सर्व चूर्णे, वट्या आणि रसकल्प प्राधान्याने या एका अंगाचीच साधने आहेत.

परंतु संहितेने अपकर्षण प्रथम सांगितले आहे. जो कृमी दिसतो, त्याला हाताने, साधनासह वा साधनाविना ओढून काढावे. जो आत, स्वस्थानी आहे त्याला शिरोविरेचन, वमन, विरेचन, आस्थापन यांद्वारे काढावे. प्रथम काढणे आणि मग उरलेले काम, हा क्रम आहे. नलिकेत अडकलेला जंत शोधनाच्या मार्गावर नाही, वमन-विरेचनाने तो हाती लागण्याची खात्री नाही. मात्र दुर्बिणीमुळे तो आता ‘दिसणारा’ कृमी झाला आहे. जो दिसतो तो साधनाने ओढून काढावा, या तत्त्वाशी त्या तज्ज्ञाची कृती सुसंगत होती आणि माझी विसंगत.

यावरून कोणी ‘चरकांनी एन्डोस्कोपी सांगितली’ असा मथळा करू नये. त्या यंत्राचे श्रेय ज्यांनी ते घडविले त्यांचेच आहे. आपल्याकडे आहे तो क्रम. आणि क्रम पाळणे म्हणजे काही वेळा पहिले पाऊल दुसऱ्याच्या हाती सोपविणे. त्यात आयुर्वेदाची मानहानी कशी होते, हे मला अद्याप समजलेले नाही. मानहानी होते ती रुग्ण आपल्या पुडीवर भरवसा ठेवून पिवळा पडतो तेव्हा.

तिसरे अंग : जे कोणीच करीत नाही

आता कथेचा उत्तरार्ध. दुर्बिणीने जंत निघाले, त्यानंतर आतड्यातील उरलेल्या जंतांसाठी औषध मिळाले, रुग्णा बरी होऊन कामावर गेली. आठ महिन्यांनी तीच रुग्णा पुन्हा तशाच शूलासह माझ्यापुढे उभी राहिली. या वेळी मी तासाभरात तिला गाडीत बसविले आणि पुढे दूरध्वनी केला. ज्वर येण्यापूर्वीच ती रुग्णालयात पोहोचली आणि दोन दिवसांत दुर्बिणीवाचूनच मोकळी झाली. परंतु प्रश्न उरलाच. जंत पुन्हा आले कोठून?

पुढच्या आठवड्यात मी वीटभट्टीवर गेलो. शौचासाठी भट्टीमागची मोकळी जागा, तिला लागूनच मेथी-कोथिंबिरीचा लहानसा वाफा, पाण्याचे एकच पिंप, त्यात बुडविण्याचा एकच डबा आणि दिवसभर मातीत खेळणारी मुले. जंतनाशक औषध फक्त रुग्णेलाच मिळाले होते. तिच्या झोपडीतील इतर पाच जणांना कोणी विचारलेही नव्हते. तज्ज्ञांनी आपले काम चोख केले, औषधाने आपले काम केले, आणि तिसरे अंग मात्र कोणाच्याच वाट्याला न येता पडून राहिले.

निदानपरिवर्जन म्हणून आपण काय सांगतो? ‘गूळ-साखर कमी करा, गोड खाल्ल्याने जंत होतात.’ क्षीर, गूळ, तीळ, पिष्टान्न हे हेतू संहितेत आहेत हे खरे. पण त्याच यादीत कुजलेले, क्लिन्न, संकीर्ण अन्नही आहे, आणि त्याचा उच्चार आपण क्वचित करतो. जंताचे अंडे गुळातून जन्मत नाही, ते मानवी मलाने दूषित झालेल्या मातीतून येते, हे आज निर्विवाद सत्य आहे. ज्याला ते ठाऊक आहे, त्याने केवळ गोडावर बोट ठेवून थांबणे हे निदानपरिवर्जन नव्हे. १९७८ साली काश्मीर खोऱ्यात काविळीची मोठी साथ आली. तिचा अभ्यास करताना डॉ. खुरू यांना जो नवा, दूषित पाण्यातून पसरणारा विकार आढळला, तो पुढे हिपॅटायटिस-ई म्हणून ओळखला गेला. एकाच खोऱ्यात, एकाच वैद्याला, मलाने दूषित झालेल्या पाण्यामातीचे हे दोन भिन्न परिणाम यकृत व पित्तमार्गात पाहावे लागले, यातील बोध स्पष्ट आहे.

महाराष्ट्रात २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, त्यातून अनेक गावे हागणदारीमुक्त झाली. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनानिमित्त शाळा व अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोल दिले जाते. दोन्ही उपक्रम स्तुत्य आहेत. पण माझी रुग्णा ३६ वर्षांची, आणि तिचे ‘गाव’ म्हणजे दर हंगामात बदलणारी भट्टी. ग्रामपंचायतीच्या यादीत ती नाही, शाळेच्या हजेरीपटावरही नाही. तिच्यापर्यंत पोहोचणारा माणूस कोणी असेल, तर तो जवळच्या रस्त्यावर फलक लावून बसलेला वैद्य. दुर्बीण चालविणारे हात जिल्ह्यात दोन-चारच असतील, त्यांनी भट्टीवर यावे ही अपेक्षा अवास्तव आहे. हे काम आपले आहे, आणि ते दुय्यम नाही.

काय करता येईल

केवळ मतप्रदर्शन करून थांबू नये, म्हणून काही सूचना मांडतो.

वैद्यांसाठी : ऊर्ध्वोदरातील वेगाने येणारा शूल आणि सोबत जंत पडल्याचा इतिहास असेल, तर त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्यावी. नलिकेतील जंत लांब पट्टीसारखा, खड्याप्रमाणे सावली न पाडणारा, क्वचित हलणारा दिसतो. सोनोग्राफी करणाऱ्यास चिठ्ठीत ‘जंताचा संशय’ असे स्पष्ट लिहावे. शोधावयाचे काय हे ठाऊक असले की ते दिसण्याची शक्यता वाढते. थंडी वाजून ज्वर, पिवळे नेत्र, गडद मूत्र, पाठीत जाणारा सततचा तीव्र शूल यांपैकी एकही लक्षण असेल, तर चिठ्ठीपेक्षा गाडी महत्त्वाची. मुखावाटे काहीही न देता रुग्णाला पुढे पाठवावे आणि स्वतः दूरध्वनी करावा.

औषधालयाच्या मालकांसाठी : ‘जंताचं औषध द्या’ म्हणणाऱ्यास पाच प्रश्न विचारण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. पोटात थांबून थांबून जोराची कळ येते का? ताप-थंडी किंवा डोळे पिवळे आहेत का? उलटीतून जंत पडला का? पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली आहे का? स्त्री असल्यास गर्भारपण आहे का? एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर औषधाऐवजी वैद्याचा पत्ता द्यावा. एका बाटलीची विक्री बुडेल, पण गिऱ्हाईक जन्मभर आपले राहील.

संघटनेसाठी : जिल्हा शाखांनी आपापल्या भागात रात्री उपलब्ध असणारी सोनोग्राफी केंद्रे व ई.आर.सी.पी. करणारी रुग्णालये यांची यादी करून प्रत्येक सभासदास द्यावी. वरील पाच प्रश्नांचे एक छोटे मराठी पत्रक छापून औषधालयांच्या दर्शनी भागात लावावे. आणि वर्षातून एकदा तरी वीटभट्ट्या, ऊसतोडीचे तळ व बांधकामांच्या वस्त्या येथे शाखेने प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साहाय्याने जंतनाशक शिबिर घ्यावे. शिबिरात गोळी अथवा चूर्ण दिले, की पाठोपाठ साबणाची वडीही द्यावी, आणि हात केव्हा धुवावयाचे ते सांगावे.

रुग्णेच्या भट्टीवर त्या वर्षी दोन तात्पुरती शौचालये उभी राहिली. मालकाला ती बांधण्यास मी काय सांगून राजी केले, हे येथे सांगण्याजोगे नाही. सर्व कुटुंबांना औषध दिले, भाजीचा वाफा हलविला. पुढील हंगामात ती टोळी दुसरीकडे गेली, त्यामुळे पुढे काय झाले हे सांगू शकत नाही. एवढे मात्र सांगतो, की “वाट कशाची पाहिलीत?” हा प्रश्न अजूनही माझ्या टेबलाच्या काचेखाली स्वहस्ते लिहून ठेवलेला आहे. शूलाचा रुग्ण समोर बसला, की पुडी बांधण्यापूर्वी दृष्टी तेथे जाते.

पहिले अंग दुसऱ्याच्या हाती विनासंकोच सोपवू या. मधले अंग आपले आहेच. तिसरे मात्र उचलल्यावाचून आपल्यापैकी कोणीही कृमिचिकित्सा पूर्ण केली असे म्हणू नये.